तेविसावी खोली

सोमवार, ३ मार्च

नाही करणार सही. नाही म्हणजे नाही!

साहेब आज तीनदा टेबलाशी आले. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा घड्याळ बघत, तिसऱ्यांदा नुसते उभे राहिले. "मॅडम, एका सिग्नलच्या पेटीसाठी एवढं?" सिग्नलच्या पेटीसाठी एवढं नाही तर काय कपाटाच्या कुलपासाठी?

काम साधं आहे. पादचाऱ्यांच्या सिग्नलच्या जुन्या पेट्या जाणार, नव्या येणार. नवी पेटी जुनीसारखीच वागते असं आमच्या प्रयोगशाळेनं लिहून द्यायचं. म्हणजे मी. सत्तावीस वर्षं मी हेच करतेय – दोन यंत्रं समोर ठेवायची आणि ती किती सारखी ते सांगायचं. कंपनीचा माणूस आकडा घेऊनच आला – ९९.९४ टक्के सारख्या! तो कुठल्याही प्रश्नाला टक्क्यांतच उत्तर देतो. "चहा घेणार?" विचारलं तर "शंभर टक्के!" मी त्याचं नाव टक्केश्वर ठेवलंय. अर्थात मनात.

मी विचारलं, "उरलेलं ०.०६ कुठे आहे?"

"नगण्य आहे, मॅडम."

किती ते विचारलंच नव्हतं. कुठे ते विचारलं होतं!

मंगळवार, ४ मार्च

सापडलं. दुपारी सव्वातीनला. शेजारच्या टेबलांवरचे वळून बघायला लागले, कारण मी "पकडला!" असं जोरात ओरडले म्हणे.

नीट लिहून ठेवते, उद्या कुणी घोळ घातला तर स्वतःला तरी दाखवता येईल. असली पेटी म्हणजे मोजक्या खोल्यांचं घर. आमच्या शास्त्रात त्याला स्थिती म्हणतात, मला खोली बरी वाटते. पेटी एका वेळी एकाच खोलीत असते. बटण दाबलं किंवा एक सेकंद सरला की ती कुठल्या तरी दारातून दुसऱ्या खोलीत जाते. कोणत्या खोलीत कोणता दिवा लावायचा ते ठरलेलं. बाकी तिला आठवण नाही, अक्कल नाही. दोन खोल्या अगदी एकसारख्या वागत असतील तर त्या एक करून टाकता येतात, काही बिघडत नाही. नव्या पेटीवाल्यांनी तेच केलं. जुनीत तेवीस खोल्या, नवीत बावीस. "सुटसुटीत केली," म्हणे.

पण त्या दोन खोल्या एकसारख्या नव्हत्याच! जुन्या पेटीत बटण दाबलं की थोड्या वेळानं गाड्यांना पिवळा लागतो आणि खांबातून सतत येणारी टकटक (न दिसणाऱ्याला खांब सापडावा म्हणून असते ती) तीन सेकंद थांबते. तेवढ्या तीन सेकंदांत पुन्हा बटण दाबलं, तर माणसांचा हिरवा चौदाऐवजी बावीस सेकंद राहतो. ही तेविसावी खोली. नव्या पेटीत काहीही करा, चौदाच.

दाबा, थांबा, टकटक बंद पडली की पुन्हा दाबा. एवढ्यावर दोन पेट्या वेगळ्या होतात. याला मी सारख्या म्हणायचं?

आणि टक्केश्वराचा आकडा कसा निघाला तेही कळलं. त्यानं मन मानेल तशी बटणं दाबून घेतली आणि अख्खा दिवस दर सेकंदाला दोन्हीकडचा दिवा जुळतो का ते मोजलं. पहाटे रस्त्यावर कुत्रंही नसताना दोन्हीकडे तोच दिवा – त्याचेही मार्क! वेगळे पडले ते दिवसाला बावन्न सेकंद. आठ-आठ सेकंदांचे सहा-सात तुकडे. म्हणजे खऱ्या रस्त्यावर सहा-सात वेळा कुणीतरी मधे असताना दिवा बदलला असता. याला नगण्य म्हणतो तो!

बुधवार, ५ मार्च

साहेबांनी फाइल सहीसाठी पाठवली. मी बिनसहीची परत पाठवली. साहेबांनी पुन्हा पाठवली. मी पुन्हा परत. शिपाई म्हणाला, "मॅडम, माझे गुडघे!" त्याला बसवून चहा दिला. फाइल माझ्याकडेच ठेवून घेतली.

गुरुवार, ६ मार्च

आज जेवताना सहज ताईला विचारलं, "छापखान्यासमोरचा सिग्नल तू कसा ओलांडतेस गं?"

"पायांनी," ती म्हणाली.

"तसं नव्हे. बटण कसं दाबतेस?"

"एकदा दाबते. टकटक थांबली की परत दाबते. मग जास्त वेळ मिळतो. आमच्या छापखान्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. का?"

मी घास ताटात परत ठेवला. एकवीस वर्षं झाली तिची दृष्टी गेल्याला, तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. ती ब्रेल छापखान्यात प्रुफं वाचते, बोटांनी. तिच्या वाटेत खुर्ची येऊ नये म्हणून मी दिवसातून दहा वेळा घर आवरते (आणि ती दहा वेळा ओरडते की "जागा बदलू नकोस गं, मी काय फुलदाणी आहे का!"). पण ती रस्ता कसा ओलांडते ते मी कधी विचारलं नव्हतं. माझी बस उलट्या दिशेला, तिच्या आधी सुटणारी.

तिला सगळं सांगितलं. टक्के ऐकून हसली. म्हणाली, "आमच्याकडे एका अक्षराला सहा ठिपके. पाच बरोबर पडले आणि एक चुकला, तर मी काय अक्षर त्र्याऐंशी टक्के बरोबर आहे असं लिहून देऊ? ते दुसरंच अक्षर असतं गं. पान परत जातं."

पान परत जातं! उद्या साहेबांना हेच ऐकवणार.

शनिवार, ८ मार्च

सुट्टीचा दिवस, पण छापखाना चालू असतो. ताईला न सांगता आठलाच चौकात जाऊन वही घेऊन उभी राहिले. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानदाराला वाटलं मी अतिक्रमणवाली. बिचाऱ्यानं बाहेरची पाटी आत घेतली.

आठ ते साडेनऊ, दुसऱ्यांदा बटण दाबणारे – अकरा! ताई आणि तिच्या छापखान्यातले तिघे, ते धरले होतेच. पण बाकीचे सात? जुळ्यांची गाडी ढकलणारी एक आई. सामानाची हातगाडीवाला. एक कॉलेजची मुलगी – दोनदा दाबलं आणि धावत पलीकडे! हिला कसली गरज? सवय, दुसरं काय. वॉकर घेऊन चालणारे एक गृहस्थ मात्र नुसतेच येऊन उभे राहिले, बटणाला हातही लावला नाही. कमाल आहे, ज्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो त्यांनाच माहीत नाही! त्यांना सांगायला हवं होतं. गर्दीत राहून गेलं.

कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही. खांबावर पाटी नाही. तरी रस्त्याला माहीत आहे.

ताई भराभर गेली. काठी पुढे, मान ताठ. मी हाक मारली नाही.

सोमवार, १० मार्च

बैठक. चौकातल्या जुन्या पेटीत तीन आठवड्यांच्या सगळ्या बटणांची नोंद असते, ती काढून नेली होती. एकूण ५,१५० वेळा सिग्नल मागितला गेला. त्यांतल्या ४१२ वेळा दुसऱ्यांदा दाबलंय, बरोबर त्या तीन सेकंदांत. म्हणजे माणसं खरोखर जशी बटणं दाबतात तसं मोजलं, तर दोन्ही पेट्या ९२ टक्के सारख्या. आणि नुसतं सकाळी साडेआठ ते नऊ मोजलं तर? ५८!

"त्याच दोन पेट्या आणि तीन आकडे," मी म्हणाले. "सारखेपणा पेटीत नसतो, साहेब. कुणाच्या बोटानं मोजताय त्यावर असतो."

टक्केश्वर घाम पुसत होता. मग त्यानं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "हे बावीस सेकंद मूळ कागदात कुठे लिहिलेत, मॅडम?"

कुठेच नाहीत. मी शोधले नसतील का!

"लिहिलेले नसले तरी कुणीतरी विचार करूनच घातले असणार," मी म्हणाले. "अशी खोली आपोआप होत नाही. कुणाला तरी या लोकांची काळजी होती."

साहेब म्हणाले, "मग त्या कुणाला तरी शोधा. शुक्रवारपर्यंत."

शोधतेच!

बुधवार, १२ मार्च

सापडले. जुन्या पेटीचे इंजिनियर. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली. तिसरा मजला, दारात कुंड्या, आत जिकडेतिकडे उघडलेली घड्याळं. मी वाटेत वाक्यं घोकत गेले होते – तुमच्यामुळे किती जणांची सोय झाली वगैरे. अर्ध्या वाक्यात त्यांनी हात वर केला.

"अहो, चूक आहे ती."

"चूक? कसली चूक?" मी विचारलं.

"बटण दाबल्याची एक खूण राहते आत. पिवळा लागला की ती पुसायची असते. मी पिवळा संपल्यावर पुसली. मधे कुणी दाबलं की पेटीला वाटतं दोन माणसांनी वेगवेगळं मागितलं. देते वाढवून. पेट्या बसवल्यावर वर्षानं लक्षात आलं माझ्या. कुणाला बोललो नाही. कुणी पकडलंही नाही आजवर." मग एकदम खालच्या आवाजात, "तुम्ही लिहिणार का हे?"

चहा चांगला होता. अर्धा तसाच ठेवून उठले. त्या माणसाचा राग आला, मग स्वतःचा. मीच ठरवून टाकलं होतं की कुणाला तरी काळजी होती! माझ्यासारख्या बाईनं – जी दुसऱ्यांना सांगते की पेटीला अक्कल नसते, आठवण नसते – तिनंच पेटीत माया शोधावी?

सत्तावीस वर्षांत मी जुनीकडून नवीचं अंतर मोजलं. जुनी बरोबर आहे का हे एकदाही विचारलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

गप्प बसता येईल. त्या इंजिनियरांनाही तेच हवंय. खोटं लिहिणार नाही. आणि सहीही करणार नाही!

शुक्रवार, १४ मार्च

सांगून टाकलं. नाव घेतलं नाही, बाकी सगळं सांगितलं. टक्केश्वराचा चेहरा असा उजळला की खोलीतला दिवा बंद केला तरी चाललं असतं. "म्हणजे आम्ही चूक दुरुस्त केलीय म्हणा ना!"

"चूक केली तेव्हा चूक होती," मी म्हणाले. "आज त्या चुकीवर दिवसाला वीस वेळा रस्ता ओलांडला जातो. आता ती पायरी आहे. पायरी काढायची तर आधी लोकांना सांगा."

"भावनिक होऊ नका, मॅडम."

भावनिक! आकडे मी आणले, नोंद मी काढली, माझ्याच विरुद्ध जाणारी गोष्ट मी सांगितली. आणि भावनिक मीच!

मग साहेबांनी विचारलं, "तुमचं तिथे कुणी आहे का?" कुणी सांगितलं असेल देव जाणे. मी म्हणाले, "आहे. माझी बहीण. रोज आठ चाळीसला." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही तटस्थ नाही." नाही! ज्याचं कुणीच त्या रस्त्यावरून जात नाही तोच तटस्थ म्हणायचा असेल तर नाही मी तटस्थ.

निर्णय – मंगळवारी सकाळी चौकात नवी पेटी लावून बघायची. एक तास. ट्रॅफिक पोलिस उभा असेल. लोकांना आधी काही सांगायचं नाही, नाहीतर ते नेहमीसारखे वागणार नाहीत. कुणी काही बोललं तर नोकरीचा प्रश्न येईल, हे साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले.

रविवार, १६ मार्च

ताईला सांगितलं. नोकरी गेली तर गेली. सख्ख्या बहिणीला उंदरासारखी पिंजऱ्यात सोडून वर वहीत टिपत बसू?

"मंगळवारी सुट्टी घे," मी म्हणाले. "किंवा मागच्या रस्त्यानं जा."

"का?"

"का म्हणजे? हिरवा चौदाच सेकंद राहील!"

"मग सगळे मागच्या रस्त्यानं गेलो तर दुसऱ्यांदा कुणीच दाबणार नाही. तुमचा आकडा शंभर होईल. टक्केश्वराला हार घालाल." ती चहाचा कप बरोबर बशीत ठेवत म्हणाली. "मी जाणार. नेहमीसारखी. दोनदा दाबणार."

"अगं ताई, मधेच अडकशील!"

"मला काही होत नाही गं."

हे ती नेहमीच म्हणते. गरम भांडं उचलतानाही म्हणते. मी भांडले, रडले, दार आपटलं. ती म्हणाली, "दार हळू. बिजागरी सैल झालीय." आम्ही दोघी एकाच आईच्या. कुणी कुणाला समजवायचं?

मंगळवार, १८ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

नवी पेटी आठ वाजता लागली. मी, साहेब, टक्केश्वर, तिघं पेटीपाशी, म्हणजे पट्ट्यांपासून बरंच मागे. पोलिस समोरच्या बाजूला. पहिली पंचवीस मिनिटं काहीच नाही. टक्केश्वर घड्याळात बघून "शंभर टक्के" असं पुटपुटला तेव्हा त्याच्या पायावर पाय द्यावासा वाटला.

आठ चाळीसला ताई आली. वेळ चुकवेल तर ती ताई कसली! तिच्या मागे ते वॉकरवाले गृहस्थ. बाकी तीन-चार माणसं. ताईनं दाबलं. टकटक थांबली. ताईनं पुन्हा दाबलं. हिरवा लागला, ती उतरली. तेवढ्यात फर्निचरचा एक मोठा ट्रक येऊन रेषेवर थांबला आणि मला रस्ताच दिसेना. मी सेकंद मोजत होते. अकरा. बारा. तेरा. चौदा. हिरवा असेपर्यंत वाजणारी पिपाणी बंद.

हॉर्न! आधी एक, मग सगळे. मी ट्रकला वळसा घालून पळाले. साहेब मागून "मॅडम, मॅडम" करत.

ताई रस्त्याच्या बरोबर मधे उभी होती. अर्ध्यात अडकलेली. एका हातानं काठी आडवी धरलेली, गाड्यांच्या दिशेनं. दुसरा हात त्या गृहस्थांच्या वॉकरवर. गाड्यांचा दिवा हिरवा, आणि ती जागची हलत नव्हती. ट्रकवाला ओरडला, "बाई, सिग्नल सुटलाय!" ताई त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "सुटू दे!"

असं म्हणाली! भर रस्त्यात!

पोलिसानं शिट्टी मारून गाड्या अडवल्या. ते दोघं पावलापावलानं पलीकडे गेले. ती कुणाच्याही मदतीशिवाय पायरी चढली, काठी झटकली आणि छापखान्याकडे चालायला लागली.

टक्केश्वर म्हणाला, "तसं बघितलं तर ९९.९४ हा आकडा अजूनही बरोबर आहे."

साहेबांनी त्याच्याकडे पाठ केली. मग मला म्हणाले, "जुनी पेटी लावा. आत्ताच. आणि नवीत ती खोली परत घालायला सांगा."

मी म्हणाले, "लेखी द्या."

दिलं! ट्रकच्याच बॉनेटवर कागद ठेवून दिलं.

बुधवार, १९ मार्च

आज सही केली. माझ्या अहवालावर, त्यांच्या नव्हे. तेवीस खोल्या. बावीस सेकंद आता कागदावर, कलम सतरा. खाली कारणही लिहिलं, उद्या कुणी पुन्हा सुटसुटीत करायला निघालं तर वाचायला मिळावं: 'दुसऱ्यांदा बटण दाबणाऱ्या व्यक्तीस रस्ता ओलांडण्यास अधिक वेळ लागतो.' सारखेपणा कसा मोजायचा याचंही पान जोडलं – खऱ्या नोंदीवरून, आणि फरक किती एवढंच नाही, तर कुठे तेही. ताई म्हणते तसं, नाहीतर पान परत जातं.

जुन्या इंजिनियरांना फोन केला. कलम सतरा दोनदा वाचायला लावलं. मग हसायला लागले. "म्हणजे चूक मंजूर झाली म्हणायची माझी!" हसता हसता नाक ओढत होते बहुतेक.

शिपायाला म्हटलं, फाइल घेऊन जा. एकदाच.

गुरुवार, २० मार्च

ताईला कलम सतरा वाचून दाखवलं. खाली कारणही. प्रुफावरचं बोट थांबलं.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "मला कुठे वेळ लागतो? नऊ सेकंदांत मी पलीकडे असते."

"मग मंगळवारी अर्ध्यात कशी अडकलीस?"

"अडकले? मी पोचले होते गं पलीकडे. त्यांच्या वॉकरची टपटप मागेच राहिली होती. म्हणून परत फिरले." मग प्रुफ बाजूला सारून, "दुसऱ्यांदा दाबायचं ते मागच्यासाठी. त्यांचे दोन्ही हात वॉकरवर असतात, ते कसे दाबणार? रोज जो पुढे असेल तो दाबतो. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं! चारशे बारा. ती कॉलेजची मुलगी, दोनदा दाबून धावत गेलेली.

कारण खोडायचं. सही झालीय, शिक्का झालाय, साहेब कपाळाला हात लावतील. तरी उद्या आठ चाळीसला आधी चौकात जाणार, आणि मग खोडणार.